अमेरिकन मसल कार

मसल कार म्हणजे मध्यम किंवा लहान आकाराच्या, दोन दारांच्या अमेरिकन मोटारीत मोठ्या आकारमानाचे व्ही-८ इंजिन बसवून तयार केलेली, सरळ रस्त्यावर अत्यल्प काळात मोठा वेग गाठणारी आणि सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात येईल अशा किमतीला विकली जाणारी मोटार होय. साधारणपणे १९६४ ते १९७४ हा या मोटारींचा अभिजात कालखंड मानला जातो. त्यांचे उत्पादन थांबून अर्धशतक लोटले आहे. ओल्ड्समोबिल, प्लिमथ आणि पाँटियाक ही त्या काळातील तीन प्रसिद्ध नावेही अनुक्रमे २००४, २००१ आणि २०१० मध्ये बंद झाली. असे असूनही या मोटारी जपणाऱ्या मालकांची त्यांच्यावरील निष्ठा ओसरलेली नाही. त्यांहून वेगवान, सुरक्षित व काटकसरी मोटारी आज सहज मिळत असताना ही ओढ का टिकून राहिली, याचा विचार त्यांचा इतिहास, यंत्ररचना आणि मालकांचे जीवन या तिन्ही अंगांनी करावा लागतो.

नाव व व्याप्ती

'मसल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ स्नायू. १९६० च्या दशकात नियतकालिके या मोटारींचा उल्लेख बहुधा 'सुपरकार' असा करीत. 'मसल कार' हे नाव नंतर रूढ झाले. फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कॅमेरो, प्लिमथ बाराकुडा यांसारख्या लांब बॉनेटच्या व आखूड पाठीच्या लहान मोटारींना 'पोनी कार', म्हणजे तट्टू-मोटार, असे वेगळे नाव आहे. तथापि त्यांच्या मोठ्या इंजिनाच्या आवृत्त्यांची गणना सामान्यतः मसल कारमध्येच केली जाते. शेव्हरोले कॉर्व्हेट ही दोन आसनी स्पोर्ट्स कार असल्याने ती काटेकोर व्याख्येत बसत नाही.

उगम व भरभराट

वजनदार मोटारीसाठी बनवलेले इंजिन हलक्या मोटारीत बसवण्याची कल्पना जुनी आहे. १९४९ च्या ओल्ड्समोबिल ८८ मध्ये ३०३ घन इंचाचे, १३५ अश्वशक्तीचे नवे व्ही-८ इंजिन तुलनेने हलक्या सांगाड्यात बसवले गेले. १९५५ ची क्रायस्लर सी-३०० ही मोटार ३०० अश्वशक्तीची होती. परंतु ती महाग होती.

खऱ्या अर्थाने या वर्गाचा प्रारंभ १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सने १९६३ च्या आरंभी आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून माघार घ्यायला लावली. शर्यतींवर नाव कमावलेल्या पाँटियाक विभागापुढे त्यामुळे पेच उभा राहिला. मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असाही कंपनीचा दंडक होता. विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी यातून पळवाट काढली. हा नियम नव्या मॉडेलला लागू होता, ग्राहकाने निवडायच्या जादा साहित्याला नव्हे. म्हणून त्यांनी टेम्पेस्ट लमाँ या मोटारीसाठी सुमारे २९५ डॉलरचा एक ऐच्छिक संच म्हणून ३८९ घन इंचाचे (सुमारे ६.४ लिटर), ३२५ अश्वशक्तीचे इंजिन देऊ केले. ५,००० मोटारी खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या आणि १९६६ मध्ये ही संख्या ९६,९४६ वर गेली.

या यशामागे काळाची अनुकूलता होती. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये जन्मलेली मुले १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली. पेट्रोल स्वस्त होते, कारखान्यांत काम मिळत होते आणि रस्ते रुंद होते. इतर कंपन्याही लवकरच या स्पर्धेत उतरल्या. क्रायस्लरने १९६६ मध्ये ४२६ घन इंचाचे, ४२५ अश्वशक्तीचे 'हेमी' इंजिन रस्त्यावरील मोटारींसाठी उपलब्ध केले. १९६८ ची प्लिमथ रोड रनर ही त्याच नावाच्या व्यंगपटातील पक्ष्याचे चित्र व त्याच्या आवाजाची नक्कल करणारा हॉर्न घेऊन आली. तिच्यातील साध्या बैठकी व सजावटीचा अभाव यांमुळे तिची मूळ किंमत ३,००० डॉलरच्या आत राहिली. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ ची शक्ती ४५० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. रंगांची नावेही त्या काळाच्या खोडकरपणाला शोभणारी होती. डॉजने एका जांभळ्या रंगाला 'प्लम क्रेझी' व एका नारिंगी रंगाला 'गो मँगो' असे नाव दिले होते.

ऱ्हास

या मोटारींचा अस्त काही वर्षांतच झाला. तरुण चालकांसाठी विमा कंपन्यांनी हप्ते इतके वाढवले की मोटार परवडे, पण तिचा विमा परवडत नसे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर कडक मर्यादा घातल्या. कमी शिसे असलेल्या पेट्रोलवर चालावे म्हणून जनरल मोटर्सने १९७१ मध्ये आपल्या इंजिनांचे संपीडन गुणोत्तर घटवले. १९७२ पासून इंजिनाची शक्ती सर्व उपसाधने जोडलेल्या स्थितीत मोजून जाहीर करण्याची पद्धत आली आणि कागदावरील आकडेही खाली आले. ऑक्टोबर १९७३ मधील अरब देशांच्या तेलबंदीनंतर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची (सुमारे ८८ कि.मी.) वेगमर्यादा लागू झाली. त्याच वर्षी जीटीओ हे नाव एका लहान मोटारीला, ३५० घन इंचाच्या इंजिनासह, त्या कालखंडात शेवटचे लाभले.

यंत्ररचना व आवाज

मसल कारची रचना सरळ आहे. पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती, मध्ये गिअरबॉक्स व लांब शाफ्ट. मोठ्या आकारमानामुळे इंजिन कमी फेऱ्यांवरही प्रचंड टॉर्क देते. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच पाठ आसनाला टेकते व बॉनेट वर उचलल्यासारखे दिसते. पाव मैलाच्या (सुमारे ४०२ मीटर) सरळ धावेसाठीच ही घडण होती.

तिचा ओळखीचा गडगडाटही रचनेतूनच येतो. अमेरिकन व्ही-८ इंजिनाच्या क्रँकशाफ्टचे बाहू परस्परांशी ९० अंशांचा कोन करतात. एकूण आठ सिलिंडरांतील स्फोट समान अंतराने होत असले, तरी एकाच बाजूच्या चार सिलिंडरांतील स्फोट ९०, १८० व २७० अंशांच्या असमान अंतरांनी होतात. प्रत्येक बाजूचा धूर स्वतंत्र नळीतून बाहेर पडत असल्याने कानाला सलग सूर ऐकू न येता अडखळत उमटणारा ठेका ऐकू येतो. शर्यतीच्या धर्तीचा कॅमशाफ्ट असल्यास आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या वायूंच्या झडपा काही क्षण एकाच वेळी उघड्या राहतात. त्यामुळे उभी असतानाही मोटार थरथरते.

मालकांमधील आकर्षण

या मोटारींच्या आजच्या मालकांत दोन प्रकारचे लोक ठळकपणे दिसतात. पहिल्या प्रकारातील लोकांनी तारुण्यात अशी मोटार चालवली आणि लग्न, मुले, विम्याचा हप्ता किंवा व्हिएतनाम युद्धासाठी झालेली लष्करभरती यांपैकी एखाद्या कारणाने ती विकली. दुसऱ्या प्रकारातील लोकांनी ती शेजाऱ्याच्या दारात उभी पाहिली. स्वतः घेण्याचे त्यांचे वय किंवा ऐपत नव्हती. संसाराच्या जबाबदाऱ्या उरकल्यावर दोघेही तेच वर्ष, तोच रंग शोधू लागतात. म्हणूनच त्यांचा शोध हा कोणत्याही वेगवान मोटारीचा नसतो. एका विशिष्ट मोटारीचा असतो.

दुसरे कारण दुरुस्तीचे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, स्पार्क प्लग हे सर्व भाग डोळ्यांना दिसतात व पान्यांच्या एका संचाने उघडता येतात. संगणक न जोडता दोष शोधता येतो. वडिलांनी मुलाला बॉनेटखाली उभे करून शिकवावे आणि पुढे तीच मोटार मुलाकडे यावी, अशा वारशाला ही रचना अनुकूल आहे. जुनी इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनलेली होती. १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी त्याच्या विक्रीवर बंदी आल्याने अनेक मालक झडपांच्या बैठकी कठीण धातूच्या करून घेतात.

तिसरे कारण सहवासाचे. डेट्रॉइट परिसरातील वुडवर्ड ॲव्हेन्यू हा रस्ता १९६० च्या दशकात तरुणांच्या रात्रीच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध होता. फर्नडेल येथे मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी जमवावा म्हणून १९९५ मध्ये तेथे जुन्या मोटारींची संथ फेरी काढण्यात आली. 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' या नावाने ती आता दर ऑगस्टमध्ये भरते. ज्या रस्त्यावर एकेकाळी वेगाची चढाओढ चाले, तेथे मालक मोटारी हळू चालवतात किंवा कडेला खुर्च्या टाकून अनोळखी माणसांशी त्यांविषयी बोलतात.

मूळपणाचा प्रश्न

मोटार कारखान्यातून निघाली त्याच इंजिनासह टिकली आहे का, याला संग्राहक फार महत्त्व देतात. इंजिनाच्या ठोकळ्यावरील क्रमांक चासी क्रमांकाशी जुळल्यास किंमत वाढते. १९७१ ची एक छत उघडणारी हेमी कुडा २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला विकली गेली. अशा किमतींमुळे साध्या मोटारीला दुर्मीळ मोटारीचे रूप देण्याचे प्रकारही घडतात. १९६४ व १९६५ ची जीटीओ ही ऐच्छिक संच असलेली लमाँच होती, त्यामुळे केवळ चासी क्रमांकावरून ती ओळखता येत नाही. कारखान्याची कागदपत्रे पाहावी लागतात.

जीर्णोद्धार कसा असावा, याविषयी मालकांत एकमत नाही. काहीजण कारखान्यातील तपासनिसांच्या खडूच्या खुणाही पुन्हा उमटवतात. काही जुन्या सांगाड्यात नवे ब्रेक व इंजिन बसवून रोज चालवता येईल अशी मोटार करतात. काहींच्या मते झिजलेला मूळ रंग हाच तिचा खरा इतिहास असतो.

या तिसऱ्या मताचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटात अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग. १९७४ मध्ये ती एका कुटुंबाने विकत घेतली. गृहिणी शिक्षिका होत्या व काही वर्षे त्या तीच मोटार घेऊन शाळेत जात. १९७७ मध्ये मॅक्वीनने पत्र लिहून ती विकत मागितली. परंतु कुटुंबाने ती दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच निकामी झाल्यावर ती उभीच राहिली. वडिलांच्या निधनानंतर मुलाने ती चालू केली, पण रंग बदलला नाही. २०२० च्या जानेवारीत लिलावात तिला शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले.

टीका

या मोटारींचे दोष त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत. शक्तीच्या मानाने ब्रेक दुबळे होते. अनेकांत चारही चाकांना ड्रम ब्रेकच असत. वळणावर जड पुढचा भाग बाहेर ओढला जाई. सुरुवातीच्या मोटारींत केवळ कमरेचा पट्टा होता. पेट्रोलचा खप व धूर दोन्ही मोठे होते. वाढत्या किमतींमुळे मध्यमवर्गीयांसाठी बनलेली ही मोटार धनिकांच्या गुंतवणुकीची वस्तू झाली आणि अनेक मोटारी रस्त्यावर येण्याऐवजी बंद गॅरेजात राहू लागल्या, अशीही टीका होते.

सद्यस्थिती

एकविसाव्या शतकात मस्टँग, चॅलेंजर व कॅमेरो यांच्या जुन्या रूपाची आठवण देणाऱ्या नव्या आवृत्त्या निघाल्या. डॉज चॅलेंजर व शेव्हरोले कॅमेरो यांचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले. मस्टँग व्ही-८ इंजिनासह चालू राहिली. डॉजने पुढे चार्जर डेटोना ही विजेवर चालणारी मोटार आणली. तिचा वेग जुन्या मोटारींहून अधिक असला, तरी इंजिनाचा गडगडाट तिच्यात कृत्रिमरीत्या निर्माण करण्यात आला आहे. दरम्यान ज्या पिढीच्या तारुण्याशी या मोटारी जोडलेल्या होत्या, ती वार्धक्यात पोहोचली आहे. त्या आठवणी नसलेली पुढची पिढी या मोटारी सांभाळील की नाही, हा प्रश्न आज अनेक मालक-कुटुंबांपुढे आहे.