पेशींचे वय आणि क्रीमची डबी

ईदच्या खरेदीत अम्मीसाठी हजार-बाराशेची ‘अँटी-एजिंग’ क्रीम हमखास येते. डबीवर दावा असतो : पेशी पुन्हा तरुण होतील. होतात का?

1961 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवून दिले की, माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत साधारण 40 ते 60 वेळा विभागतात आणि मग थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांवर टेलोमिअर नावाची टोपणे असतात, बुटाच्या नाडीला असतात तशी. दर विभाजनाला ती थोडी झिजतात. टेलोमरेज हे विकर ही झीज भरून काढते. या संशोधनाला 2009 चे नोबेल मिळाले. पण बहुतेक कर्करोगाच्या पेशीही याच विकरावर जगतात. तेव्हा ते चेहऱ्यावर वाढवण्याची घाई कशाला?

चेहरा खरा थकतो तो उन्हाने. बाहीखालचा दंड आणि गाल आरशात शेजारी-शेजारी पाहा. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे 903 जणांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या हातांची त्वचा इतरांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली.

वजू करताना सनस्क्रीन बरेचसे निघून जाते. म्हणून जोहरनंतर उन्हात जायचे असेल, तर नमाज झाल्यावर पुन्हा लावावे. थर साचणारे असेल, तर वजूआधी चेहरा साबणाने धुवावा. पाणी त्वचेला लागले पाहिजे.

सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइन खरोखर काम करते, पण डॉक्टरांना विचारूनच. घरात कुणी गरोदर असेल, तर तिने ती ट्यूब वापरू नये.