धातुशोधक यंत्र आणि भूमिगत नाणीं

जमिनींतील नाणीं हुडकण्यासाठीं धातुशोधक यंत्र वापरण्याकडे कित्येक संग्राहकांचा ओढा दिसतो. म्हणून त्या यंत्राची मर्यादा येथें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. यंत्राच्या वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडला असतां खालील धातूंतहि प्रवाह उत्पन्न होतो व यंत्र ध्वनीनें त्याची सूचना देतें. धातु आहे इतकेंच यावरून कळतें. तो कोणत्या थरांत व कोणत्या वस्तूंच्या संगतींत आहे, हें कळत नाहीं.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १८७७ सालीं सांपडलेलीं कुर राजांचीं नाणीं पाहावीं. त्यांत शिशाचीं नाणीं पुष्कळ. वासिष्ठीपुत्र विळिवायकुराच्या नाण्यांवर माढरीपुत्र सिवलकुराचा, आणि माढरीपुत्राच्या नाण्यांवर गौतमीपुत्र विळिवायकुराचा छाप पुन्हां मारलेला आढळतो. यावरूनच या तिघांचा अनुक्रम ठरला. तीं नाणीं घासून, विखरून एकेक विकलीं जातीं, तर हा पुरावा नष्ट होता. १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथेंच थरवार उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडांत आणली.

तेव्हां गडहिंग्लज भागांत, शेतांत वा सामानगडाच्या परिसरांत, नाणें आढळल्यास तें घासूं नये. जागा, खोली व भोंवतालचीं खापरें यांची नोंद करावी. १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निखातधनाची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणें बंधनकारक आहे. स्थानभ्रष्ट नाणें संग्रहांत शोभेल. इतिहासास त्याची साक्ष अपुरीच राहील.