पपई, चहा आणि मिश्री

समजा, तुमची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. गाव हिंगोली जिल्ह्यातले, औंढ्याच्या किंवा सेनगावच्या बाजूचे; दिवस हळद शिजवण्याचे. आल्या दिवसापासून पथ्ये सुरू होतात. आजी म्हणते, "पपईला हात लावू नकोस." मावशी म्हणते, "चहा सोड, बाळ काळे होईल." शेजारच्या काकू म्हणतात, "बेताचे जेव, नाहीतर मूल मोठे होऊन अडेल." आशाताई मात्र सांगून जातात, "पोटभर जेव, पालेभाजी खा, गोळ्या चुकवू नकोस." कोणाचे ऐकायचे?

सांगणारे माणूस कोण, यावरून निकाल देऊ नका. प्रत्येक सल्ल्याला तीन प्रश्न विचारा. पदार्थ कोणत्या अवस्थेत आणि किती? हे कळले कसे? आणि सल्ला पाळला तर पदरचे काय जाते?

पपईपासून सुरुवात करू. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक गळतो, हे तुम्ही पाहिले असेल. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या गर्भाशयाच्या स्नायूवर हा चीक घातला, तेव्हा तो स्नायू जोराने आकुंचन पावला. पिकल्या पपईच्या रसाने तसे झाले नाही, आणि पिकलेली पपई खाल्लेल्या गाभण उंदरांच्या गर्भांनाही अपाय दिसला नाही. फळ पिकते तसा त्यातला चीक कमी होतो, हे त्याचे कारण. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. तरी कच्ची आणि अर्धकच्ची पपई टाळण्यात आजीचे चुकत नाही, आणि त्यात जातही काही नाही. पिकलेल्या पपईत मात्र 'क' जीवनसत्त्व असते; त्यामुळे पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. पण हेच काम पेरू, आवळा आणि लिंबूही करतात. तेव्हा आजीला पिकलेलीही नको असेल, तर भांडत बसू नका, पेरू आणा.

आता चहा. बाळाचा रंग आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो, चहावर नाही. पण चहात कॅफीन असते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनची आरोग्यसेवा २०० मिलिग्रॅमची मर्यादा घालते. तज्ज्ञांतही असा फरक का? गर्भवतींना मुद्दाम जास्त कॅफीन पाजून प्रयोग करता येत नाही. कोण किती पिते आणि पुढे काय होते, एवढेच पाहता येते. अशा माहितीवरून रेघ कोठे ओढायची, हे कोण किती सावध आहे यावरही ठरते. मोठ्या मगभर चहात सुमारे ७५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दोन कप चहा दोन्ही मर्यादांच्या आत बसतो.

चहाची खरी अडचण निराळीच आहे. त्यातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. गर्भवतीला सरकारी दवाखान्यातून रोज घ्यायला जी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. ती चहाबरोबर घेतली तर त्यातले बरेच लोह वाया जाते. चहा सोडायला नको. जेवण आणि गोळी यांच्यापासून तासदोन तास लांब ठेवला की झाले.

काकूंचा सल्ला सर्वांत महागात पडणारा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९० च्या दशकात जवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. गर्भारपणापूर्वी त्यांचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते आणि बाळांचे पावणेतीन किलोहूनही कमी. अडण्याइतके मोठे बाळ येथे कोठे आले? पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर घेणाऱ्या आयांची बाळे त्यातल्या त्यात मोठी होती. बाळ अडते ते बहुधा कटिर अरुंद असल्याने किंवा बाळ आडवे असल्याने. आई उपाशी राहिली म्हणून कटिर रुंद होत नाही! मधुमेह असेल तर मात्र आहार डॉक्टरांनाच विचारून ठरवावा.

एवढ्या पथ्यांत एक नाव कोणीच घेतले नाही, हे ध्यानात आले का? मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड. ती खाण्यात धरत नाहीत, दात घासण्यात धरतात. 'पपई नको' म्हणणाऱ्या बोटालाच कधीकधी ती लागलेली असते. पण हिरडीतून निकोटीन रक्तात जाते आणि वारेतून बाळापर्यंत पोचते. मुंबईतील १२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. न ओढता तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांत मिश्री लावणाऱ्याच अधिक होत्या. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेलीही त्यांच्यात जास्त होती.

येथे तिसरा प्रश्न विचारा. मिश्री सोडली तर काय जाते? पोषण काहीच नाही. सवय मोडण्याचा त्रास होतो, आणि तो खरा असतो. डोके दुखते, चिडचिड होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. बहीण मिश्री लावत असेल, तर त्या दिवशी तिच्यासोबत जा आणि डॉक्टरांना तसे सांगायला तिला धीर द्या.