बाजाराची पिशवी कोणासाठी?



सेलू असो की देवळी, पुलगाव असो की समुद्रपूर, आठवडी बाजाराचा दिवस आपल्या वस्त्यांत सणासारखाच. मजुरीचे पैसे हाती आलेले असतात. पण बाजाराला बहुधा एकटी बाईच पळत जाऊन येते. आमचे म्हणणे असे की, सुटीच्या दिवशी विहारातली वंदना झाली की सगळ्या घराने मिळून बाजाराला जावे. यात घराच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

आपल्या आजा-पणज्याला बाजारात मालाला हात लावता येत नव्हता. पैसे दुरून ठेवायचे आणि दुकानदार टाकेल ते घ्यायचे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. अशा लढ्यांमुळेच आज आपण भाजी हाताने निवडून, भाव करून घेतो. मुलांना हे बाजारातच सांगा. निवडण्याचा हक्क मिळाला आहे, तर निवड नीट करू या.

रक्त कमी का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. वॉर्डात नर्सचे काम करताना आम्ही पाहिले तेच आज वस्त्यांत फिरताना दिसते : पापणी आतून पांढुरकी, चार पावलांत धाप, आणि बाई म्हणते, "थोडं थकल्यासारखं वाटते, बाकी काही नाही." पिशवीत भाजी असते, पण सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या ताटात भाकरी आणि रस्सा उरतो. घरधनी सोबत बाजारात आला, तर कोणती भाजी कोणासाठी घेतली हे त्यालाही कळते.

पिशवी भरताना

- आधी पालेभाजी, डाळ, अंडी किंवा सुकट. मग आलू-कांदे. उरले तर खाऊ.
- ऋतूची भाजी स्वस्त आणि ताजी असते. पावसाळ्यात तरोटा, काटवल, हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत, उन्हाळ्यात चिवळ. मुनग्याचा पाला तर वस्तीतच मिळतो.
- लिंबू विसरू नका. लिंबू, आवळा, संत्रा यांमुळे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो, म्हणून चहा तास-दीड तासाने घ्या.
- बाजार उठता उठता भाव उतरतो. तेव्हा भोपळा, वांगी, गाजर घ्या. कोमेजलेला पाला स्वस्त असला तरी सोडा.
- भाजी आधी धुवा, मग चिरा.
- वायगावची हळद आपल्याच जिल्ह्याची. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळकुंडे घेऊन घरी दळा. सुटी पूड घेतलीच, तर चमचाभर ग्लासभर पाण्यात टाका. पाणी गडद पिवळे झाले, तर रंगाची भेसळ समजा.
- पाच-दहा रुपयांच्या रंगीत पुड्यांऐवजी मुलांना फुटाणे, बोरं, पेरू घेऊन द्या. भाव विचारण्याचे आणि हिशेबाचे काम त्यांच्याकडेच द्या.

सिकलसेल असेल तर

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हा आजार आई-बापाकडून येतो. भाजीपाल्याने तो बरा होत नाही. मात्र पालेभाजीतले फोलिक ॲसिड नवे रक्त तयार होण्यासाठी लागते, म्हणून या मुलांच्या ताटात ती रोज हवी. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र बंद करू नये. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आधी तपासणी, मग गोळी. अंगातले पाणी कमी झाले की दुखणे उसळते. आपल्याकडच्या उन्हात अशा मुलाला भर दुपारी बाजारात नेऊ नका, पाण्याची बाटली सोबत ठेवा. ताप, छातीत दुखणे किंवा श्वास लागणे दिसले, तर थेट दवाखाना गाठा.

लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी सिकलसेलचा रिपोर्ट पाहा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे तपासणीची चौकशी करा.

एक गोष्ट भावांना. आपला जिल्हा दारूबंदीचा, तरी बाजाराच्या दिवशी दारू कुठे मिळते हे सगळ्यांना ठाऊक असते. पाचवे शील पाळायचे असेल, तर पैसे आधी भाजीवालीच्या हातावर ठेवा.

उपाशी शरीराने ज्ञान मिळत नाही हे जाणून तथागतांनी सुजाताची खीर स्वीकारली. मग आपल्या घरातल्या माउलीने अर्धपोटी राहून कोणते पुण्य मिळणार? येत्या बाजाराच्या रात्री सगळे एकत्र जेवायला बसा, आणि पालेभाजीची पहिली वाढ तिच्या ताटात पडू द्या.