फ्रुक्टोसिल अमिनो आम्ल ऑक्सिडेज : कार्य, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना : मधुमेहाच्या निदानात एचबीए१सी चाचणीस मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे. या चाचणीच्या एका पद्धतीचा आधार फ्रुक्टोसिल अमिनो आम्ल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) होय. त्याचे कार्य व मर्यादा प्रस्तुत लेखात विशद केल्या आहेत.

विकराचे कार्य : रक्तातील ग्लुकोज कोणत्याही विकराच्या साहाय्याशिवाय हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेतील पहिल्या अमिनो आम्लाशी, म्हणजे व्हॅलिनशी, जोडले जाते. त्यातून फ्रुक्टोसिल व्हॅलिन हे रूपांतरित अमिनो आम्ल निर्माण होते. प्रस्तुत विकर ऑक्सिडोरिडक्टेज वर्गात मोडते. ते ऑक्सिजन व पाण्याच्या साहाय्याने या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून मूळ अमिनो आम्ल, ग्लुकोसोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे पदार्थ मिळतात. जीवाणू व बुरशी यांच्यात हे विकर आढळते.

चाचणीतील उपयोग : विकराचे क्रियास्थान आत खोलवर असल्याने अखंड हिमोग्लोबिन तेथवर पोहोचू शकत नाही. म्हणून प्रथम प्रथिन-विघटक विकराने त्याचे लहान तुकडे केले जातात. नंतर मुक्त होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून पेरॉक्सिडेजच्या साहाय्याने रंग निर्माण करून त्याची तीव्रता मोजली जाते.

मर्यादा : अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2010 मध्ये व जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये निदानासाठी 6.5 टक्के ही मर्यादा स्वीकारली. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते, हे या आकड्यामागील गृहीतक आहे. विदर्भातील काही समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात बीटा शृंखलेतील सहावे अमिनो आम्ल बदललेले असते. पहिले व्हॅलिन मात्र तसेच राहते. त्यामुळे विकर आपले कार्य अचूक करते. परंतु पेशीच अल्पायुषी असल्याने ग्लुकोज जोडले जाण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. परिणामी आकडा वास्तवापेक्षा कमी येतो आणि मधुमेह असलेला रुग्ण निरोगी ठरण्याचा धोका संभवतो. याउलट लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात तो वाढलेला दिसू शकतो.

निष्कर्ष : रासायनिक अचूकता आणि वैद्यकीय सत्य या दोन भिन्न बाबी आहेत. म्हणून अशा रुग्णांत केवळ एचबीए१सीवर विसंबून न राहता रक्तातील ग्लुकोजची प्रत्यक्ष तपासणी करणे आवश्यक ठरते. जीवरसायनशास्त्राच्या अध्यापनात विकराच्या अभिक्रियेबरोबरच ही मर्यादाही विद्यार्थ्यांपुढे मांडली जावी.