तारखेची ओळ निर्दोष आहे! ॲक्सेसमधली 'मिसिंग' लायब्ररी कशी शोधायची?

मागच्या महिन्यात एका दुकानदार दादांचा फोन आला. "सर, आज १० तारीख. उद्या जीएसटीआर-१ भरायचाय आणि ॲक्सेसमधून बिलंच निघत नाहीत. कोडला तर कोणी हातही लावला नाही!"

स्क्रीनवर मेसेज होता, 'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी'. कोडमध्ये सिलेक्ट झालेला शब्द होता 'डेट', म्हणजे आजची तारीख देणारं साधं फंक्शन. दादा ती ओळच पुसायला निघाले होते. म्हटलं, थांबा! चोर वेगळाच आहे.

झालं काय होतं? बिल ईमेल करण्यासाठी फाइलमध्ये आउटलुकची लायब्ररी जोडलेली होती. काउंटरच्या पीसीवर ऑफिस २०१०, म्हणजे लायब्ररी १४.०. मुलाने तीच फाइल घरच्या लॅपटॉपवर ऑफिस २०१६ मध्ये उघडली आणि ॲक्सेसने आपणहून १६.० जोडून टाकली. फाइल परत काउंटरवर आली, पण तिथे १६.० आहे कुठे? वर चढलेलं व्हर्जन आपोआप खाली उतरत नाही. आणि एक लायब्ररी हरवली, की डेट, लेफ्ट, फॉरमॅट अशी निर्दोष फंक्शन्ससुद्धा अडकतात.

आता उपाय. आधी फाइलची कॉपी काढा, मग:

१. ऑल्ट + एफ११ दाबा. कोड मध्येच थांबला असेल तर रन मेनूतून रीसेट करा, नाहीतर रेफरन्सेस उघडणार नाही.
२. टूल्स > रेफरन्सेसमध्ये जा. ज्या नावापुढे 'मिसिंग' लिहिलंय, त्याची टिक काढून ओके करा.
३. तीच खिडकी पुन्हा उघडा आणि यादीतून त्या पीसीवर असलेलं व्हर्जन टिक करा.
४. डीबग > कंपाइल करा. काहीच मेसेज आला नाही, तर समजा जमलं!

फाइल एसीसीडीई असेल तर मात्र मूळ एसीसीडीबीमध्येच दुरुस्ती करून नवी एसीसीडीई बनवावी लागते.

दादांची बिलं दहा मिनिटांत सुरू झाली. पण मुलाने परत लॅपटॉपवर फाइल उघडली तर? पुन्हा तेच! म्हणून कायमचा इलाज म्हणजे लेट बाइंडिंग. व्हेरिएबल 'ॲज ऑब्जेक्ट' घ्या, आउटलुक 'क्रिएटऑब्जेक्ट'ने सुरू करा आणि 'ओएलमेलआयटम'च्या जागी सरळ ० लिहा. मग आउटलुकची टिक काढून टाका. आता त्या पीसीवर क्लासिक आउटलुकचं जे व्हर्जन असेल, ते चालेल. टाइप करताना सूचना येत नाहीत, हा एक तोटा.

लक्षात ठेवा, एरर जिथे दिसते तिथेच चूक असते असं नाही. 'लायब्ररी' हा शब्द दिसला, की ओळ पुसण्याआधी रेफरन्सेस बघा. आणि हे काम १० तारखेच्या रात्री नको, आजच करून ठेवा!