आडव्या आठाची परीक्षा

श्रोतेहो, कॅमेऱ्याच्या भिंगावर अंतराचे आकडे कोरलेले आपण पाहिले असतील. एक मीटर, दोन मीटर, पाच मीटर, आणि रांगेच्या शेवटी आडवा झोपलेला इंग्रजी आठ. हे अनंताचे चिन्ह. डोंगर, चंद्र, तारे टिपायचे असले की कडे तिथवर फिरवावे, चित्र रेखीव येणारच, असा आपला भरवसा. आज या भरवशाचीच परीक्षा घेऊ.

माझा एक जुना विद्यार्थी आता शिक्षक आहे. शाळेची सहल घेऊन तो राजगडावर गेला. दिवस मावळत होता. मुले दहाएक मीटरवर तटाशी उभी, मागे तोरणा. जुने रुंदकोनी भिंग लावून, कडे आडव्या आठावर ठेवून त्याने फोटो काढले. पाहतो तो मुलांचे चेहरे स्पष्ट आणि तोरणा पुसट! "सर, माझाच हात हलला असणार," तो म्हणाला. मी म्हटले, "अरे, हात हलला असता तर मुलंही पुसटच आली असती." दोष भिंगाच्या खुणेत होता.

तो कसा, हे वर्गात दाखवता येईल. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ साधे बहिर्गोल भिंग धरा. बाहेरच्या झाडाचे उलटे चित्र भिंतीवर उमटेल. आता खोली अंधारी करून जवळच्या मेणबत्तीचे चित्र पाडा. भिंग भिंतीपासून थोडे दूर न्यावे लागेल. कॅमेऱ्यातही हेच घडते. अनंतावरून १० मीटरवर यायला ५० मिलिमीटरचे भिंग पाव मिलिमीटर पुढे सरकते. २८ मिलिमीटरचे रुंदकोनी भिंग मात्र अवघे ०.०८ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतकेच! जुळणीत एवढी चूक झाली, की खूण अनंताची आणि नजर दहा मीटरवर. छिद्र एफ/८ इतके बारीक असले तर ही चूक झाकली जाते. म्हणूनच रुंदकोनी भिंगाला सगळेच स्पष्ट दिसते, असा समज आहे. उजेड कमी झाला, छिद्र एफ/२.८ वर आणले आणि चित्र मोठे केले, की पितळ उघडे पडते.

परीक्षा सोपी आहे. सकाळी, जमीन तापून हवा थरथरू लागण्यापूर्वी, कॅमेरा तिपाईवर पक्का बसवा. किलोमीटरभर दूरचा मोबाइलचा मनोरा किंवा देवळाचा कळस निवडा. छिद्र पूर्ण उघडा. डिजिटल कॅमेऱ्यात पडद्यावरचे चित्र मोठे करून पाहा. फिल्मचा कॅमेरा रिकामा असताना पाठ उघडा, शटर 'बी'वर उघडे धरा, आणि फिल्म टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर घासलेली काच, खरखरीत बाजू भिंगाकडे करून, ठेवा. चित्र हातभिंगातून पाहा. सूर्याकडे मात्र कॅमेरा कधीही रोखू नका. डोळ्याला इजा होईल.

आता कडे जवळच्या आकड्यांकडून हळूहळू आडव्या आठाकडे न्या. कडे अडते नेमके तिथेच चित्र सर्वांत रेखीव झाले, तर भिंग बरोबर आहे. चित्र सुधारत असतानाच कडे अडले, तर भिंग अनंताला पोचत नाही. खुणेच्या आधीच रेखीव होऊन पुढे बिघडले, तर ते अनंताच्या पलीकडे जाते. अशा भिंगाने पडद्यावर पाहून काम भागते, खुणेवर विसंबून नव्हे.

भिंग जोडकडी लावून बसवले असेल, तर आधी तिच्यावर संशय घ्या. ती जाड असली तर अनंत गाठता येत नाही. पुष्कळ जोडकड्या म्हणूनच मुद्दाम किंचित पातळ करतात. दोष भिंगातच असेल, तर पुष्कळ जुन्या भिंगांत कडे तीन बारीक स्क्रूंनी धरलेले असते. स्क्रू काढू नका, सैल करा. भिंग खऱ्या रेखीव जागी ठेवून, ते न हलवता, कड्यावरचा आडवा आठ खुणेशी आणा, स्क्रू आवळा आणि पुन्हा तपासा. असे स्क्रू दिसत नसतील, तर काम जाणत्या कारागिराकडे द्या.

आमच्या शिक्षकाच्या भिंगाची कोणीतरी पूर्वी साफसफाई केली होती आणि कडे जरासे चुकवून बसवले होते. अर्ध्या तासात ते दुरुस्त झाले. तोरणा जागच्या जागी आहे. त्याचा फोटो पुन्हा निघेल. पण ती मुले तशी त्या तटाशी पुन्हा उभी राहणार नाहीत. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, ही परीक्षा सहलीच्या आदल्या दिवशी घ्या.